ओल्या ब्लास्टिंगचे मशीन कशासाठी?



मागच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "भांडी घासायला एवढं महागाचं मशीन कशाला? नदीत वाळू काय थोडी आहे?" सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेळेअभावी तेव्हा पुरे उत्तर देता आले नाही, ते आज देत आहोत.

शेवटची मोळी गव्हाणीत पडून गळीत थांबले की वर्कशॉपात ओव्हरहॉलिंग सुरू होते. हंगामभर चाललेले भाग उघडले की त्यांची दशा दिसते. पंपाच्या इंपेलरवर रसाचा थर कडक होऊन बसलेला असतो. बॉयलरच्या पाण्यातले क्षार वाफेबरोबर उडून टर्बाईनची नोझले आणि गव्हर्नर व्हॉल्व्ह यांवर चिकटतात. इंपेलर घाण राहिला तर पंप रस कमी ओढतो, एवढ्यावर भागते. गव्हर्नर व्हॉल्व्हचे तसे नाही. त्याचा दांडा क्षारांनी अडकला आणि मिलवरचा भार एकदम उतरला, तर वाफ वेळेवर बंद होत नाही आणि टर्बाईन बेफाम पळते. म्हणून हा भाग स्वच्छ तर हवाच, पण घासताना झिजताही कामा नये. घरच्या तव्यासारखा खरवडून चालत नाही.

हवेच्या जोराने वाळू मारून धातू साफ करण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिलघमन यांनी 1870 साली तिचे पेटंट घेतले. काम झटपट होते, यात वाद नाही. पण वाळू म्हणजे सिलिका. ती धातूवर आपटली की फुटते आणि तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ थेट फुप्फुसात खोलवर जाते. तिथे गेलेली परत निघत नाही.

आम्ही नोकरीला लागलो त्या काळात असले काम बाहेरच्या एका ठेकेदाराच्या आवारात होई. तिथला माणूस तोंडाला ओला टॉवेल बांधून उघड्यावर वाळू मारायचा. संध्याकाळी पापण्यांसकट पांढरा. आम्ही त्याला "पिठाच्या गिरणीवाला" म्हणून चिडवायचो, तोही हसायचा. काही वर्षांनी त्याला दम लागू लागला. टीबी समजून बरेच दिवस औषधे झाली. पुढे एक्स-रे पाहून मोठ्या दवाखान्यात सिलिकोसिस असे नाव सांगितले. त्या रोगावर गुण येणारे औषध आजही नाही. ते चिडवणे आता आठवले की बरे वाटत नाही. आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक केले होते, आणि ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ओतीव भाग साफ करायला वाळू मारणे बंद केले. म्हणजे आम्ही त्याला हसत होतो तेव्हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. टॉवेलाने धूळ अडेल अशी समजूत होती, एवढेच.

आता नवे मशीन. लोखंडी कपाट, समोर काच, हात घालायला रबरी मोजे. खालच्या टाकीत पाणी आणि काचेचे बारीक मणी. पंप हे मिश्रण गनकडे ढकलतो, गनमध्ये कॉम्प्रेसरची हवा मिळते आणि फवारा भागावर पडतो. पाण्यामुळे मण्याचा मार मऊ होतो. थर सुटतो, पण धातू कोरला जात नाही. धूळ जागच्या जागी बसते.

पण ओले म्हणजे बिनधोक, असे कुणी समजू नये. मणी संपले म्हणून नदीची वाळू टाकीत ओतायची नाही, हे फोरमनने कपाटावरच रंगवून ठेवले आहे. सांडलेले पाणी वाळले की वाळूची पुन्हा धूळच होते. काचेचे मणी असले तरी फरशी कोरडी झाडायची नाही, ओल्यानेच पुसायची. भाग आत घालण्यापूर्वी ग्रीस धुवावे लागते, नाहीतर सगळी टाकी तेलकट होते. बेअरिंगच्या आणि बसणीच्या जागा झाकाव्या लागतात. आणि लोखंड बाहेर काढल्या काढल्या गंजू लागते, बरं का! पहिल्याच आठवड्यात दोन भाग जेवणाच्या सुट्टीत तसेच राहिले, परत येऊन पाहतो तो तांबूस. तेव्हापासून धुणे, गरम हवेने वाळवणे आणि तेलाचा हात फिरवणे हे एका दमात होते, मगच डबा उघडतो.

सगळी कामे या कपाटात होत नाहीत. टर्बाईनचा अख्खा रोटर त्यात मावत नाही, तो बाहेरच पाठवावा लागतो. इव्हॅपोरेटरच्या नळ्या पूर्वीप्रमाणे कॉस्टिक आणि ब्रश यांनीच साफ होतात.

प्रश्न विचारणारे सभासद परवा वर्कशॉपात येऊन गेले. साफ केलेला गव्हर्नर व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला, मायक्रोमीटरची आधीची आणि नंतरची मापे पाहिली. मग विचारले, "आणि हे गढूळ पाणी कुठं सोडता? आमच्या ओढ्यात?" नाही. ते टाकीत निवळते आणि पुन्हा वापरले जाते. तळाचा गाळ, त्यात धातूचा कीस आणि रंगाचे कण असतात म्हणून, वेगळ्या पिंपात झाकून ठेवला आहे. प्रेसमडच्या ढिगात तो मिसळू देणार नाही, असे त्यांना तिथेच सांगितले.