बाग उक्ती द्यावी, की रोजाने?



तासगाव-मिरज भागात ऑक्टोबर छाटणी आली की बांधावर हमखास विचारणा होते : "साहेब, बाग उक्ती देऊ, का रोजानं माणसं लावू?" कोरेगावकडे आल्याच्या लागणीला हाच प्रश्न. उक्ते दिले की डोक्याचा ताप गेला, असे पुष्कळांना वाटते.

उक्त्यात आपण काम विकत घेतो, रोजात माणसाचा दिवस. झालेले काम त्याच दिवशी डोळ्यांनी पारखता येत असेल, तर ते खुशाल उक्ते द्यावे. आल्याची काढणी, उसाचे पाचट काढणे ही तशी कामे. छाटणीचे तसे नाही. किती डोळे राखायचे हे काडीकाडीला बदलते. एकरी दर ठरला की टोळी घाई करणारच. तिला पुढची बाग गाठायची असते. चूक कळते ती घड निघताना, तोवर टोळी दुसऱ्या गावाला गेलेली. म्हणून पहिल्या दोन ओळी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात. विरळणीच्या वेळी घरच्या बाईंनी फेरी मारावी. त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

आता जबाबदारीचे. काही वर्षांपूर्वी एका बागायतदारांना मीच म्हणालो होतो, "उक्ते दिलेत ना? मग माणसांचे मुकादम बघेल." त्याच हंगामात एका मजुराने हातमोजे न घालता काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग केले. संध्याकाळी तो थोडी दारू प्याला. चेहरा लालबुंद झाला, धाप लागली, दवाखान्यात न्यावे लागले. या औषधाशी संबंध आल्यावर दारू घातक ठरते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. औषध बागायतदारांचे, माणूस मुकादमाचा. बिलावरून चार महिने वाद चालला. माझा सल्ला अर्धवट होता.

नुसते 'उक्ते' म्हटल्याने सुटका होत नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांवर आगरिया लोक मिठाच्या वजनावर पैसे घेत, मदतीची माणसेही स्वतःच लावत. तरी १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले, कारण काम कसे करायचे यावर कंपनीची देखरेख होती. तो खटला कारखानदारीतला, शेतीचा नव्हे. पण कसोटी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे आपण उभे राहून काम करून घेतले, की जबाबदारीही आपल्याकडे सरकते. माझ्या मते ती घ्यावी. बिघडलेल्या छाटणीपेक्षा ती स्वस्त पडते.

मुकादमाशी बोली झाली की एक साधी चिठ्ठी करावी. क्षेत्र, दर, दिलेली उचल, काम संपवण्याची तारीख आणि कोणाला इजा झाली तर खर्च कोणाचा, एवढे तीत असावे. दर असा धरावा, की माणशी दिवसाची मजुरी सरकारी किमान वेतनाखाली जाणार नाही. चिठ्ठी सर्वांसमोर वाचून दाखवावी. केवळ मुकादमाच्या खिशात ठेवू नये. पेस्टिंगचे हातमोजे आणि चष्मे आपणच आणावेत, त्यांचे पैसे एकरी दरातून कापू नयेत.