क्लेमचं गणित: १८५५ पासून आजवर

१८०८ मध्ये इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली. गाडीतल्या नवऱ्याचं खरचटण्यावर निभावलं, बायको महिनाभरानं गेली. लॉर्ड एलनबरो यांच्या कोर्टात नवऱ्याला शंभर पौंड मिळाले, पण ते स्वतःच्या दुखापतीचे आणि बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांच्या हिशेबाचे. तिनं डोळे मिटले आणि हिशेब बंद झाला. पाय मोडणाऱ्यानं पैसे मोजायचे, जीव घेणारा मात्र मोकळा, असा हा न्याय. रेल्वेच्या अपघातांनी तो असह्य केला आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा बदलला. त्याचीच आवृत्ती १८५५ मध्ये हिंदुस्थानात लागू झाली.

नवरा, बायको, आईवडील आणि मुलं एवढ्यांनाच त्यात हक्क होता. भावंडं वगळलेली. मोटार अपघातात भाऊसुद्धा वारस म्हणून दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली स्पष्ट केलं. रकमेबद्दल जुना कायदा इतकंच म्हणे की ती झालेल्या नुकसानीच्या प्रमाणात असावी. हे प्रमाण ठरवण्यातच पुढचं शतक गेलं.

मोटार वाहन कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. मागितलेल्या रकमेवर भरमसाट कोर्ट फी भरून दिवाणी दावा चालवणं ज्या घरांना झेपणारं नव्हतं, ती आता दारात तरी येऊ लागली. रक्कम मात्र न्यायाधीशागणिक बदलत राहिली. कुणी माणूस अजून किती वर्षं जगला असता ते मोजायचं, गुणाकार करायचा आणि पैसे एकरकमी मिळतात म्हणून त्यातून अंदाजानं काही कापायचं. कुणी इंग्लिश निवाड्यांतला गुणक लावायचं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुणकाची बाजू घेतली. त्यामागचा विचार साधा आहे. एकरकमी पैसे बँकेत ठेवले तर व्याज मिळतं. घराला दरवर्षी लागणारी रक्कम व्याज आणि थोडी मुद्दल मिळून निघावी आणि गरज संपेल तेव्हा मुद्दलही संपावी. म्हणून चौतिशीतल्या माणसाच्या निवृत्तीला सव्वीस वर्षं असली तरी गुणक सव्वीसचा नसतो, सोळाचा असतो.

आज चालतं ते कोष्टक २००९ च्या निकालानं घालून दिलं. १५ ते २५ वयाला १८, तिथून उतरत पासष्टीपुढे ५. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर पुढच्या पगारवाढीचा हिशेब पक्का केला. समजा, चौतीस वर्षांचा कायम नोकरीतला माणूस, पगार महिना २०,०००, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,०००. चाळिशीच्या आतला म्हणून ५० टक्के वाढ धरून ३,६०,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून २,७०,०००. गुणिले १६, म्हणजे ४३,२०,०००. त्यावर अंत्यविधी, सहवासाला मुकणं वगैरे ठरीव रकमा. तोच माणूस कायम नसता, स्वतःची रिक्षा चालवत असता, तर वाढ ४० टक्के आणि आकडा ४०,३२,०००. कायम नोकरीतला पण अविवाहित असता तर निम्मा पगार स्वतःवर गेला असं धरून २८,८०,०००. अविवाहित मुलगा निम्मे पैसे स्वतःवर उडवतो, असं गृहीत धरणाऱ्यांनी लातूर-बीडहून पुण्यात नोकरीला आलेली आणि पहिल्या तारखेला घरी पैसे पाठवणारी मुलं पाहिलेली नसावीत. विधवा आई, धाकटी भावंडं पोसणाऱ्याच्या बाबतीत एक तृतीयांशच कापण्याची मुभा आहे, पण ते सिद्ध करायचं ओझं घरच्यांवर.

तरीही मी कोष्टकाच्याच बाजूचा. त्यानं निदान शेजारशेजारच्या दोन कोर्टांतली तफावत आटोक्यात आणली. खरी गोम कोष्टकात नाही, त्याच्या पहिल्या ओळीत, म्हणजे उत्पन्नात आहे. पगाराची चिठ्ठी असलेल्याचं प्रकरण सरळ चालतं. शेतकऱ्याचा सातबारा पुढे केला तर उत्तर येतं की जमीन तर वारसांकडेच राहिली, बुडाली ती फक्त कसणाऱ्याची देखरेख. आणि ज्यांच्या हातात कागदच नाही त्यांचं काय?

३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटांच्या संस्थापकदिनाच्या कार्यक्रमात मांडवाला आग लागली. मेलेल्यांत बायका आणि मुलं बरीच. भरपाई ठरवायचं काम माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे आलं. त्यांनी गृहिणींच्या कामाचं मोल काही प्रकरणांत वर्षाला १२,००० धरलं, काहींत १०,०००. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते फारच कमी वाटलं आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० ठरले. एवढ्या नामवंत न्यायाधीशाच्या हातूनही घरकामाचा दर इतका खाली लागला, यावरून तो काळ कळतो. २०१० मध्ये न्या. गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवलं: तिथे गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात घातलं होतं. २०२१ मध्ये न्या. रमणा यांनी सरकारी वेळ-वापर पाहणीच मांडली. घरातल्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७.

मुलांच्या वाट्याला याहून कोरडा हिशेब आला. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला १५,००० धरलं होतं. रुपया घसरत गेला, आकडा तसाच राहिला. २०१३ मध्ये परिशिष्ट बदला असं न्यायालयानं केंद्राला बजावलं, तरी बदल व्हायला २०१८ उजाडलं. २००४ च्या अपघातात गेलेल्या सात वर्षांच्या मुलासाठी २०२१ मध्ये न्यायालयानंच १५,००० चे २५,००० केले आणि एकूण भरपाई ४,७०,००० झाली. निकालाला सतरा वर्षं लागली.

एका बाबतीत गाडी उलटी फिरली आहे. दावा लावायची मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची अट लागू झाली. तेवढ्या वेळात एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याचा कागद आणि उत्पन्नाचा पुरावा गोळा करायचा, तोही घरातला कर्ता गेलेल्या घरानं. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.