पायलीच्या चौदा खंड्या

दीड कोटी रुपये. १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेब पेशव्यांनी सावकारांकडून उचललेल्या कर्जाचा हा आकडा न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना दिला आहे. व्याज सालीना १२ ते १८ टक्के. सेकंदाला एक रुपया या गतीने रात्रंदिवस मोजत बसलं, तर एवढी रक्कम मोजायला १७३ दिवस लागतील. रुपयाचं वजन ११ ग्रॅम धरलं, तर चांदीची रास १६५ टनांची होते. ही सगळी रक्कम एकदम थकली असती, तर १२ टक्क्यांनीही रोजचं व्याज पाच हजारांच्या घरात गेलं असतं.

हा पैसा खासगी पेढ्यांचा होता. मोडीतली रोजकीर्द, खतावणी, हुंडी आणि सावकाराचं मौन यांवर त्या चालत. बारामतीचे बाबूजी नाईक अशांपैकी एक. त्यांचे भाऊ आबाजी हे बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे, यजमान. पण १७४०मध्ये बाजीराव वारले तेव्हा नात्यापेक्षा खातं मोठं ठरलं. बाबूजींनी थकलेल्या रकमेचा तगादा लावला आणि रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने ते नानासाहेबांच्या पेशवाईलाच आडवे आले. अटकेच्या दिशेने झेपावणाऱ्या राज्याचा पंतप्रधान कोण व्हावा, यात एका सावकाराच्या वहीचा असा हात होता.

हेच गणित पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या मावळात उतरलं, तेव्हा रकमा लहान झाल्या आणि दर चढले. पेशव्याला शेकडा बारा-अठरा. कुणब्याला मात्र दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के हा काही जगावेगळा दर नव्हता. बियाण्याचं धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे. दिढी म्हणजे पेरणीला एक पायली घ्यायची, सुगीला दीड परत करायची. दरसाल ती न फिटता पुढे चढत राहिली, तर दहा वर्षांत एका पायलीच्या ५७ होतात. वीस वर्षांत ३,३२५! बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी या मापाने जवळपास चौदा खंड्या भात.

याला आवर घालणारा नियम आपल्याकडे जुना आहे: दामदुपट. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. पण १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा लावणं भाग पाडलं. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. दरमहा शेकडा दोनने, असे चार रोखे बदलले की बारा वर्षांत शंभराचे पावणेनऊशे होतात, आणि प्रत्येक रोखा कागदोपत्री नवा! १८७५ साली सुप्याला आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आधी हे रोखेच जाळले, ते याचमुळे. १८७९च्या कायद्याने अखेर न्यायालयांना रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली.

तोवर मुळशी पेट्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढली होती. टाटांचं धरण आलं तेव्हा ही गोष्ट निर्णायक ठरली. १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागे मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे राहिले. जमीनमालक सावकार मात्र मोबदल्याच्या वाटाघाटींकडे वळले. ज्याचं नाव कागदावर, त्याला जमीन म्हणजे एकरी भाव. जो नांगर धरत होता, त्याचं सगळं घरदार. चळवळ इथेच दुभंगली. १९२७मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. आज या जलाशयात सुमारे १८ टीएमसी, म्हणजे ५० हजार कोटी लिटरांहून जास्त पाणी मावतं.

पाण्याखाली गेलेली गावं मोजता येतात. त्याआधी वहीत बुडालेली शेतं कुणाच्या डोळ्यांना दिसली नाहीत, कारण ती पायलीपायलीने गेली. म्हणून कर्जाच्या कोणत्याही कागदावर सही करताना दर विचारून थांबू नये. न फिटलेलं व्याज मुद्दलात कधी मिळवणार, हेही तितक्याच ठामपणे विचारावं. पायलीच्या खंड्या होतात त्या तिथे.