सुईत औषध नाही, तरी आराम पडतो!

मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू बोटांनी चाचपत गेलं, तर अनेकांना त्यात ताठरलेला एक पट्टा लागतो. त्यातली एखादी जागा दाबली, की कळ थेट कानामागे किंवा कानशिलात जाते. पेशंट तिला ‘गाठ’ म्हणतात, फिजिओथेरपिस्ट ‘ट्रिगर पॉइंट’. ‘ड्राय नीडलिंग’ या उपचारात ही जागा हेरून तिच्यात जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची सुई घालतात. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव असते. तिच्यातून शरीरात काहीच जात नाही.

दुखणं एकीकडे आणि त्याचं मूळ दुसरीकडे, हे १९३८ मध्ये लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी प्रयोगातून दाखवलं. स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचं पाणी टोचल्यावर कळ टोचलेल्या जागेपासून दूरवर जाणवत होती. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा जागांचे नकाशे तयार केले आणि तिथे बधिर करणारं औषध टोचून उपचार केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पाठदुखीवर इलाज करणाऱ्या आणि नंतर व्हाइट हाउसमध्ये त्यांच्या डॉक्टर झालेल्या त्या याच.

श्रेय औषधाचंच, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. प्रागचे डॉ. कारेल लेविट यांना मात्र शंका आली: औषधं वेगवेगळी वापरली तरी गुण येतो, आणि सगळ्यांत सारखी असते ती सुई! त्यांनी २४१ पेशंटना नुसती सुई टोचून पाहिली. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. नेमक्या दुखऱ्या बिंदूला सुई लागली, तेव्हा सुमारे ८७ टक्के वेळा दुखणं तिथल्या तिथे थांबलं, आणि ती जागा बधिरही झाली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मोठी उणीव. तरीही इतका साधा प्रश्न विचारायला धाडस लागतं, असं मला वाटतं.

आत काय घडतं, याचा सर्वाधिक सांगितला जाणारा खुलासा असा: मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो, तिथे अ‍ॅसिटिलकोलिन हे स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारं रसायन गरजेपेक्षा जास्त पाझरतं आणि तेवढाच भाग आवळलेला राहतो. आवळल्यामुळे बारीक रक्तवाहिन्या दबतात, ऊर्जा कमी पडते. स्नायूला आकुंचनाप्रमाणेच सैल पडायलाही ऊर्जा लागते, म्हणून ती गाठ आपणहून सुटत नाही. सुई नेमकी लागली की स्नायू क्षणभर उडतो, आणि त्यानंतर तो सैलावल्याचं अनेकदा दिसतं. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. वेदनेचं मूळ स्नायूत नसून मज्जासंस्थेत आहे, असं मानणारे संशोधकही आहेत.

आजवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर पहिल्या काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांपर्यंत, दुखणं कमी होतं असं दिसतं. दीर्घकाळ गुण टिकल्याचा पुरावा तोकडा आहे, आणि फिजिओथेरपीच्या इतर उपचारांपेक्षा ही सुई ठामपणे सरस ठरलेली नाही. माझ्या मते तिचं खरं मोल वेगळं आहे. दुखणं कमी झालेल्या त्या दिवसांत मान वळते, खांदा उचलता येतो आणि व्यायाम सुरू करता येतो. नुसती सुई टोचून घेऊन परत त्याच खुर्चीत तासन्‌तास मान वाकवून बसणाऱ्याला ती फारसं काही देणार नाही.

सुईनंतर एक-दोन दिवस ठणका राहणं किंवा काळानिळा डाग पडणं नेहमीचं आहे. खरा धोका छातीजवळ आणि खांद्यावर असतो. तिथे स्नायूखाली फुप्फुस फार खोल नसतं, आणि सुई त्यात शिरली तर छातीत हवा भरते. असं क्वचित घडतं. पण म्हणूनच हे काम शरीररचना नीट जाणणाऱ्या, प्रशिक्षित हातांचं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल, तर ते आधी सांगा. सुई नवी, निर्जंतुक आणि तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातलीच हवी. आणि उपचारानंतर दम लागला किंवा छातीत दुखू लागलं, तर ‘सुईचा ठणका असेल’ म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.