न दिसणारी चकती

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे एक गाव आहे. १९५४ साली या गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ जोड्यांचे दुकान चालवीत. त्यांना दारूकामाचा छंद होता आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा. व्याख्यानाच्या वेळी श्रोत्यांना दाखविण्यासाठी रॉबर्ट यांना एक उडणारे रॉकेट हवे होते. दुकानदार भावाने ते करून दिले. कागदाची नळी, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे पंख, आत बदलता येणारी लहानशी मोटर आणि उंचीवर पोहोचल्यावर उघडणारे पॅराशूट, एवढाच त्याचा संसार होता. दिवाळीतला बाण एकदा वर गेला की त्याचे काम संपते. हे रॉकेट मात्र हळुवारपणे खाली येई आणि नवी मोटर घालून पुन्हा उडे.

या साध्या वस्तूचे मोल तीन वर्षांनी कळले. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. लोखंडी वा पितळी नळीत घरी कालविलेले मिश्रण ठासून भरायचे आणि वात पेटवायची, असे प्रयोग गावोगाव सुरू झाले. नळी फुटली की तिचे तुकडे गोळीसारखे सुटत. कित्येक मुले जखमी झाली, काहींचे प्राण गेले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे काम करणारे अभियंता जी. हॅरी स्टाइन यांनी या धोक्याविषयी त्याच वर्षी एका मासिकात लेख लिहिला होता. तो कार्लाइल यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपल्या रॉकेटचे नमुने स्टाइन यांच्याकडे पाठविले. अभियंत्याला हवे होते ते उत्तर जोड्यांच्या दुकानदाराकडे तयार होते. त्याच वर्षी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन झाली आणि कागद, लाकूड यांसारख्या हलक्या वस्तूंनीच रॉकेट बांधण्याचा दंडक पडला.

या दंडकामागचा विचार जैन वाचकाला ओळखीचा वाटेल. वस्तू बिघडणारच नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. मग ती बिघडली तरी जवळच्या जिवाला कमीत कमी इजा व्हावी, अशी तिची घडण आधीच करावी, हा तो विचार. आपल्याकडे याला जयणा म्हणतात. कागदाची नळी फाटते, लाकडाचा पंख मोडतो, पण त्यांचे धारदार तुकडे दूरवर उडत नाहीत. लाकूड येथे स्वस्त म्हणून आलेले नाही, ते सौम्य म्हणून आले आहे.

पुढे हा छंद वाढला आणि त्यातून ‘हाय पॉवर’ म्हणजे मोठ्या शक्तीच्या रॉकेटांची शाखा निघाली. मोटरींची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी होते. अक्षर एक पायरी पुढे गेले की मोटरीच्या एकूण जोराची मर्यादा दुप्पट होते. ‘एच’ मोटर १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, ‘आय’ ३२० ते ६४०, ‘जे’ ६४० ते १,२८० अशी ही चढण आहे. चक्रवाढीचे गणित जाणणाऱ्या व्यापाऱ्याला ही चढण कुठवर जाते हे सांगावे लागत नाही. ‘एम’पर्यंत पोहोचता पोहोचता आकडा १०,२४०वर जातो. ‘एच’पासून पुढच्या मोटरी वापरण्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिली पायरी ‘एच’ आणि ‘आय’ची, दुसरी ‘जे’, ‘के’, ‘एल’ची, तिसरी त्यापुढची. उड्डाणे मोकळ्या शेतांत किंवा नेवाडातील ब्लॅक रॉकसारख्या ओसाड वाळवंटात होतात आणि त्यासाठी विमान वाहतूक खात्याची परवानगी लागते. या संस्थेच्या नियमानुसार मोटर घरी करता येत नाही. ती कारखान्यात तयार झालेली व तपासून प्रमाणित केलेलीच असावी लागते. छंदिष्टाच्या हाती उरते ते उरलेले सारे रॉकेट, आणि त्यातील सर्वांत जबाबदारीचे काम लाकडाचे.

एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. रॉकेटची बाहेरची नळी सुमारे चार इंच व्यासाची आहे. मोटर ५४ मिलिमीटर व्यासाची आहे. ती ज्या आतल्या नळीत बसते ती अर्थातच बाहेरच्या नळीपेक्षा पुष्कळ बारीक. या दोन नळ्या एकमेकींत बरोबर मध्यावर धरून ठेवण्याचे काम लाकडी कडी करतात. मधोमध भोक असलेली ही साधी गोल चकती. वजन जेमतेम वीस ग्रॅम. परंतु मोटर पेटते तेव्हा तिचा सारा रेटा आतल्या नळीवर येतो, तिच्याकडून कड्यांवर आणि कड्यांकडून बाहेरच्या नळीवर. चार किलोच्या रॉकेटला ‘जे’ मोटर सहाशे न्यूटनचा रेटा देत असेल, तर साठ किलोचे ओझे अवचित येऊन पडल्यासारखे ते आहे. कडे सुटले तर मोटर रॉकेटला मागे टाकून त्याच्या पोटातून पुढे घुसते.

अशा कामाला बाल्सा चालत नाही. लहान रॉकेटच्या पंखांना तो उत्तम, पण मोठ्या भाराखाली तो चिरडतो. येथे बर्च झाडाचे प्लायवूड वापरतात. साध्या फळीत लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावतात, म्हणून ती त्या दिशेने सहज चिरते. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटविलेले असतात, त्यामुळे चीर एका पापुद्र्यात सुरू झाली तरी पुढच्या पापुद्र्यात अडते. पापुद्र्यांची संख्या बहुधा विषम ठेवतात. मधल्या थराच्या दोन्ही बाजू सारख्या राहिल्या की तक्ता वाकत नाही. सहा मिलिमीटरच्या चांगल्या बर्च प्लायमध्ये पाच थर असतात. आपल्या बाजारात प्लायवूडचा व्यवहार करणाऱ्यांना ३०३ आणि ७१० हे भारतीय मानकांचे आकडे तोंडपाठ असतात. पहिला सर्वसाधारण प्लायचा, दुसरा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. फर्निचरच्या प्लायमध्ये आतल्या थरात एखादी पोकळी राहिली तर कपाटाचे काही बिघडत नाही. रॉकेटच्या कड्यात तीच पोकळी नेमकी डिंकाच्या जागी आली तर जोडच पोकळ होतो. म्हणून जाणकार कापलेल्या कडेवर प्रकाश धरून प्रत्येक थर न्याहाळतात आणि शंका आली तर तुकडा बाजूला ठेवतात.

कडे करण्याची रीत सावकाशीची आहे. आधी दोन्ही नळ्यांची मापे व्हर्निअर कॅलिपरने घेतात. छापील मापावर विसंबत नाहीत, कारण कागदी नळी हवेतील ओलीने थोडी फुगते. मग कंपासने तक्त्यावर वर्तुळे आखतात आणि प्रत्येक चौकोनी तुकड्याच्या मध्यबिंदूवर बारीक भोक पाडतात. एका रॉकेटला तीन कडी लागत असतील तर तिन्ही तुकडे त्या भोकांतून एकाच बोल्टने आवळून एकत्र कापतात, म्हणजे तिघांचे माप एकच येते. जिगसॉचे पाते रेषेच्या जरा बाहेरून फिरवतात. राहिलेला भाग त्याच बोल्टावर जुडगा फिरवीत पॉलिश पेपरने घासून उतरवतात. बोल्ट काढण्यापूर्वी जुडगा कडेने घट्ट आवळून ठेवतात आणि मधले भोक होल सॉने, त्याच मध्यबिंदूवरून पाडतात. भोक किंचित एका अंगाला सरकले तर मोटर तिरकी बसते आणि रॉकेट सरळ जात नाही. कडे नळीत हाताने सरकेल, पण सोडल्यावर आपोआप घसरणार नाही, इतके घट्ट असावे. फार घट्ट झाले तर डिंक पुसला जाऊन जोड कोरडा राहतो. फार सैल झाले तर डिंकालाच लाकडाचे काम करावे लागते. घासताना उडणारा बारीक भुसा छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क बांधणे हाही या रीतीचाच भाग आहे.

पंखांचे लाकूड याच प्लायचे, जाडी तीन ते सहा मिलिमीटर. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे राहिला तरच ते नाकासमोर जाते. पंख हा दाबमध्य मागे खेचतात. दोहोंत निदान एका नळीच्या व्यासाएवढे अंतर ठेवण्याची प्रथा आहे. हा हिशेब करण्याची सोपी समीकरणे नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात छंदिष्टांना मिळवून दिली. पंखही एकत्र बांधून घासतात, म्हणजे तिन्ही सारखे येतात. बाहेरच्या पापुद्र्याचे तंतू नळीपासून टोकाकडे जातील असा तुकडा कापतात, कारण वाकविणारा भार त्याच दिशेने येतो. पंख बाहेरून नुसता चिकटवीत नाहीत. नळीला खाच पाडून पंखाची एक जीभ आत सोडतात आणि ती थेट आतल्या नळीपर्यंत पोहोचवतात. मग एपॉक्सी तीन ठिकाणी लागतो: आतल्या नळीला, पुढच्या-मागच्या कड्यांना आणि बाहेरच्या कोपऱ्याला. हा सुताराच्या कूस-सालीचाच विचार आहे. जोड डिंकावर नव्हे, लाकडाच्या बसण्यावर उभा राहावा.

इतके झाले तरी सर्वांत महत्त्वाची वस्तू अजून राहिली, ती म्हणजे वरच्या भागातील भोक नसलेली, भरीव लाकडी चकती. तिच्या मधोमध एक आय बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि बोल्टाला बांधलेली मजबूत पट्टी. त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पॅराशूट. शिखरावर पोहोचताच एक लहानसा दारूचा झटका रॉकेटचे दोन भाग अलग करतो, पॅराशूट बाहेर पडते आणि त्याचा सारा हिसका या एका चकतीवर येतो. वॉशर लहान असेल तर बोल्ट लाकूड फाडून निघून येतो. चकतीच्या कडेचा डिंक कच्चा असेल तर ती संपूर्ण उखडते. त्या झटक्याच्या गरम धुराने लाकूड जळू नये म्हणून तिच्यावर एपॉक्सीचा पातळ हात देतात.

ही चकती टिकली तर चार किलोचे रॉकेट सेकंदाला पाच-सहा मीटर अशा वेगाने खाली उतरते. ती निसटली तर तेच रॉकेट एक किलोमीटर उंचीवरून नाक खाली करून येते आणि जमिनीजवळ त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक असतो. खाली माणसे असतात, मुले असतात, शेतात चरणारी जनावरे असतात. साधूंच्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना सांभाळून वागावे, पाहून ठेवावे. रॉकेट उचलण्याचे काम मोटर करते आणि ते सर्वांना दिसते. ते जमिनीवर अलगद ठेवण्याचे काम ही चकती करते, आणि ती कोणालाही दिसत नाही. एकदा नळी बंद झाली की करणाऱ्यालाही ती पुन्हा पाहता येत नाही.

म्हणूनच या छंदाच्या परीक्षेत उंचीला गुण नाहीत. प्रमाणपत्र मिळते ते रॉकेट पुन्हा उडविता येईल अशा स्थितीत परत आले तर. आकाशाला भिडलेले पण मोडून परतलेले रॉकेट नापास होते. तिसऱ्या पायरीवर तर रॉकेटचे आराखडे अनुभवी परीक्षकांना आधीच दाखवावे लागतात. अनेक जण बांधताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवतात, कारण झाकलेल्या जोडाची साक्ष नंतर कोण देणार?

भारतात या वाटेने जाताना एक मर्यादा स्पष्ट ठेवावी लागते. स्फोटक पदार्थांचा कायदा आपल्याकडे १८८४पासून आहे. घरी इंधन कालविणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे, आणि आपल्या घरांत ते कोणी करू नये. परंतु लाकडाच्या कामाला अशी आडकाठी नाही. पाण्याच्या आणि हवेच्या दाबावर उडणारे बाटलीचे रॉकेट मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली करता येते. त्याला बाल्साचे पंख लावणे, दाबमध्य आणि गुरुत्वमध्य शोधणे, पॅराशूट बसविणे, यांत आग कोठेच नाही आणि शिकणे मात्र तेच आहे.

आपल्या समाजाला हे क्षेत्र परकेही नाही. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबात १९१९ साली जन्मलेल्या विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून भारतातील पहिले अवकाश संशोधन रॉकेट उडाले. तेथील एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्याची जुळणी झाली होती. साधने तुटपुंजी होती, पण काम नीट तपासून केलेले होते.

नॉरफोकच्या दुकानदाराने जगाला फार मोठे यंत्र दिले नाही. त्याने कागद, हलके लाकूड आणि सुखरूप परतण्याची सोय दिली. जोड्याची शिवण आतून कशी आहे हे गिऱ्हाईक उसवून पाहत नाही. ते दुकानदारावर विश्वास ठेवून घेते, आणि शिवण उसवली तर पाऊल त्याचे दुखावते. नळीत बंद होणारी ती लाकडी चकती घासताना करणाऱ्याच्या मनात खाली उभ्या असलेल्या माणसांचा असाच विचार असावा लागतो.