पोथी ऐकावी चौघांत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘शिष्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुरूच्या पायाशी हात जोडून बसलेला माणूस येतो. मराठी बायबलमध्ये येशूच्या बारा सोबत्यांसाठी हाच शब्द आहे. पण शुभवर्तमाने वाचली की लक्षात येते, हे शिष्य नुसते ऐकणारे नव्हते. ते येशूबरोबर चालत, जेवत, होडीतून जात आणि सारखे विचारत. एखादा दाखला कळला नाही, की त्याला एकांतात गाठून अर्थ विचारत. ख्रिस्ती श्रद्धा अशा सोबतीतून आणि विचारण्यातून कशी वाढते, याविषयी थोडे बोलतो. मी मुसलमान घरात वाढलो, मराठीत कविता लिहितो. ख्रिस्ती धर्माशी माझी ओळख मराठी कवितेच्या वाटेने झाली. म्हणून माझी बहुतेक उदाहरणेही त्याच वाटेवरची आहेत.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. हबशी राणीचा खजिनदार यरुशलेमहून परतताना रथात यशयाचा ग्रंथ वाचत असतो. फिलिप्प त्याला विचारतो, वाचता ते समजते का? कोणी सांगितल्यावाचून कसे समजावे, असे म्हणून खजिनदार त्याला रथात शेजारी बसवून घेतो. वाचणारा मोठा अधिकारी, सांगणारा पायी चालणारा. पण दोघे एकाच आसनावर बसल्यावर अर्थ उलगडतो.

आपल्या भाषेत अशी बैठक चारशे वर्षांपूर्वी दिसते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, नवख्रिस्ती लोकांच्या हातची जुनी पुराणे काढून घेतली होती. स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त एक शिष्यच हा विषय काढतो. जुने ग्रंथ बंद केलेत, तर मग आम्हाला आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही, अशा आशयाचा त्याचा प्रश्न आहे. १६१६ साली छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर. ते देवळात चारचौघांत वाचायचे आणि ऐकायचे होते. सत्तेच्या जोरावर माणसाचा धर्म बदलता येतो. श्रद्धा रुजायची तर त्याच्या भाषेत, त्याच्या शंकांना उत्तरे देतच पुढे जावे लागते, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

पुढचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हाच सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते की या शिष्येने गुरूचे एकही म्हणणे तपासल्याशिवाय स्वीकारले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे पूर्ण केले ते मात्र तिनेच.

एकत्र अभ्यासाचे काम असे चालते. एकाने उतारा मोठ्याने वाचायचा, प्रत्येकाने आपल्याला काय उमगले ते सांगायचे, आणि त्यातले रोजच्या वागण्यात काय येईल ते ठरवायचे. एकट्याने वाचताना आपण अवघड ओळ टाळून पुढे जातो. चौघांत बसलो की कोणीतरी तिथेच बोट ठेवतो. क्षमा करा, हे वाक्य वाचायला सोपे आहे. पण ज्याच्याशी बोलणे टाकले तोच समोर बसलेला असला, तर वाचन खऱ्या अर्थाने सुरू होते.

१९१७ साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे बरोबरीने यावेत, ही त्यांची कल्पना. दोन वर्षांत ते वारले आणि तो प्रयोग मागे पडला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शिल्लक आहे: शिकायला बसणाऱ्याला आधी त्याचे नाव-गाव विचारायचे, की जागा करून द्यायची?

श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान असून ‘योगसंग्राम’ लिहितात, आणि वारकरी त्यांना आपले संत मानतात. त्यांच्यासाठीही कोणीतरी जागा केली होतीच. म्हणून मला वाटते, कोणत्याही धर्मातल्या अभ्यासमंडळाची कसोटी पाठांतरात नसावी. नव्याने आलेला माणूस तिथे न घाबरता शंका विचारू शकतो का, आणि ती ऐकून जुना माणूस स्वतःही पुन्हा शिकायला बसतो का, एवढे पाहावे.