इंधनटाकीचा सांधा आणि आपला जिल्हा

विमानाच्या पंखात इंधन असते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तेथे वेगळी टाकी बसविलेली नसून बहुधा पंखाची पोकळीच टाकी म्हणून वापरली जाते, हे सहसा ठाऊक नसते. असंख्य रिव्हेटांनी जोडलेल्या या पोकळीतून थेंबही गळू न देण्याची जबाबदारी सांध्यांत भरलेल्या रबरासारख्या लेपाची, म्हणजे सीलंटची असते.

दुसऱ्या महायुद्धापासून यासाठी पॉलिसल्फाइड हे बहुवारिक वापरात आहे. त्यातील गंधकामुळे ते इंधनाला दाद देत नाही. मात्र सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पलीकडे दीर्घकाळ तापले की ते निकामी होऊ लागते. ध्वनीहून वेगवान विमानाचा पृष्ठभाग याहूनही तापू शकतो. १९६४ साली प्रथम उडालेल्या अमेरिकी एसआर-७१ विमानाच्या टाक्या जमिनीवर ठिबकत, हे प्रसिद्धच आहे. अशा ठिकाणी फ्लोरोसिलिकोन उपयोगी पडते. त्याचा सिलिकॉन-ऑक्सिजनचा कणा उष्णता सोसतो आणि फ्लोरिनयुक्त गट इंधनाला दूर ठेवतात.

सूत्र पुस्तकात सापडते. विश्वास चाचणीनेच मिळतो. नमुना तप्त इंधनात बुडवायचा, गोठवायचा, ताणायचा आणि प्रत्येक बॅचची नोंद ठेवायची, अशी ही दीर्घ साधना आहे. तीत माणसाचीही काळजी आलीच. ऑस्ट्रेलियात एफ-१११ विमानांच्या टाक्यांतील जुने सीलंट काढणारे वायुदलाचे कर्मचारी विषारी रसायनांमुळे आजारी पडले आणि २००१ साली चौकशी मंडळाला सुरक्षाव्यवस्थेचे अपयश नोंदवावे लागले.

हा धडा ठाणे जिल्ह्याला परका नाही. अंबरनाथला संरक्षण संशोधन संघटनेची नौदलासाठी बहुवारिके, रबर व रंग यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. लोकलने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणाऱ्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. ज्ञान आणि हात शेजारी नांदत असूनही त्याच डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोटांनी कामगारांचे बळी घेतले.

प्रत्येक स्फोटानंतर कारखाने हलविण्याची मागणी होते. रहिवाशांची भीती रास्त आहे. परंतु केवळ स्थलांतराने धोका दुसऱ्याच्या दारी जातो. खरी गरज आहे ती प्रयोगशाळेतील शिस्त कारखान्यात उतरविण्याची. रसायनशास्त्राचे पदवीधर दरवर्षी आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडतात. त्यांना मोजमापाचे, नोंदीचे व तपासणीचे शिक्षण देऊन अधिकाराने कारखान्यात उभे केले पाहिजे. ज्या वसाहतीत भट्टीचे तापमान बिनचूक नोंदले जात नाही, तिने आकाशातील सांध्याची हमी कोणत्या तोंडाने द्यावी?